रूट कॅनॉल झालंय, दुखत नाही. मग कॅप घालायचीच का? आणि कुठली?

निवांत नाशिककर

मंडळी, खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेत कॉलेजात असताना चांदी भरली होती. ती इतकी वर्षं टिकली. मागच्या महिन्यात फुटाणे खाताना कट्कन आवाज झाला आणि दाढेची जिभेकडची भिंत चांदीच्या तुकड्यासकट हातात आली. रात्रभर ठणका. मग रूट कॅनॉल झालं, आता काहीही दुखत नाही.

डॉक्टर म्हणतात, कॅप बसवून घ्या, उशीर करू नका. दरपत्रक पुढे ठेवलं. साधी धातूची अडीच हजार, धातूवर सिरॅमिक पाच हजार, झिर्कोनिया (बिनधातूची, दातासारखी दिसणारी) अकरा हजारांपासून अठरा हजारांपर्यंत. झिर्कोनियात पुन्हा ५, १० आणि १५ वर्षांची वॉरंटी असे प्रकार. फ्रिज घेताना एवढा विचार केला नव्हता.

आमचे मेहुणे ठामपणे सांगतात की त्यांचं रूट कॅनॉल होऊन दहा वर्षं झाली, कॅप घातली नाही, दात मजेत आहे. कॅप हा डॉक्टर लोकांचा धंदा आहे.

तर प्रश्न असे: कॅप खरंच लागते का? लागत असेल तर कुठली? आणि या १५ वर्षांच्या वॉरंटीला काही अर्थ आहे का? अनुभवी लोकांनी प्रकाश टाकावा.

पेठी पुणेकर

दुखत नाही म्हणून कॅप नको, हे म्हणजे पाऊस थांबलाय म्हणून कौलं शाकारायची नाहीत. असो. मेहुण्यांचा कुठला दात ते आधी विचारा. पटाशीचा असेल तर त्यांचं उदाहरण बाद.

सुलभाताई ठाणे

आमच्या ह्यांनी अगदी हेच केलं. दुखत नाही ना, मग बघू दिवाळीनंतर. दिवाळी गेली, होळी गेली. वरची दाढ होती. एक दिवस साध्या ज्वारीच्या भाकरीवर दाढेला उभी चीर गेली, थेट मुळापर्यंत. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हिरडीत बारीक सळई घालून पाहिली आणि म्हणाले, आता काढण्याशिवाय इलाज नाही. रूट कॅनॉलचे पैसे पाण्यात, वर इम्प्लांटचा खर्च. तेवढ्या पैशांत किती कॅपा झाल्या असत्या!

दातकोरणं

मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळी हेच रोजचं काम. तुमची दाढ पाहिल्याशिवाय तुमच्याबद्दल छातीठोक काही सांगणार नाही, पण मुद्दा काय असतो ते सांगते.

'नस काढली की दात सुकतो आणि ठिसूळ होतो' हे पेशंटना सांगायचं आमचं ठरलेलं वाक्य. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. खरा फरक पडतो तो दाताचा किती भाग उरलाय याने. १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आम्हाला शिकवला जातो. काढलेल्या उपदाढांवर केला होता. नुसतं रूट कॅनॉलसाठी भोक पाडलं तर दाताचा ताठपणा ५ टक्क्यांच्या आसपास घटला. पण पुढची आणि मागची अशा दोन्ही कडा कापून आरपार खाच केली तेव्हा ६३ टक्के घटला. म्हणजे दात कमकुवत करणारं रूट कॅनॉल नव्हे. त्याच्या आधीची कीड, आधीचं मोठं फिलिंग, तुटलेली भिंत, हे त्याचं कारण.

दाढेच्या माथ्यावर चार-पाच उंचवटे असतात. मधे पोकळी आणि दोन बाजूंना नुसत्या भिंती उरल्या की घास दाबताना त्या भिंती बाहेरच्या बाजूला उकलायला बघतात. कॅप त्या सगळ्यांना वरून आणि चहूबाजूंनी एकत्र धरून ठेवते. तिचं मुख्य काम हे. दिसणं नंतर.

पुढच्या दातांवर जोर तिरका आणि कमी येतो. तिथे रूट कॅनॉलसाठी मागून छोटं भोक पाडलं असेल आणि बाकी दात धड असेल तर फिलिंगवर भागतं. दाढेतही दोन्ही कडा शाबूत असतील तर मी स्वतः काही वेळा थांबते. तुमची मात्र एक अख्खी भिंतच गेलीय.

आणि एक. नस नसलेला दात आतून बोंब मारत नाही. गार-गरम लागत नाही. त्यामुळे 'दुखत नाही' ही तुमच्या दाढेची प्रकृती बरी असल्याची खूण नाही.

निवांत नाशिककर

डॉक्टरताई, धन्यवाद. मेहुण्यांना फोन केला. पटाशीचाच दात निघाला. बाद.

मग आता प्रश्न उरतो तो कुठली कॅप हा.

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, साधी धातूची टाका अन् मोकळे व्हा. आमच्या बाबांची नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून बसवून आणली होती. चकाकते स्टीलवानी, पण मागची दाढ कोण पाहून राहिलं? बाबा त्याच्यावर अजून सुपारी फोडतात. आई ओरडते, ते फोडतात. कॅपीले काही झालं नाही, समोरच्या दाढेची हालत मात्र पाहण्यासारखी नाही.

अठरा हजार तोंडात घालून फिरायचं काही कारण मले तरी दिसत नाही.

मिरजेचा लॅबवाला

इथं लॅबमधलं कुणी नाही दिसत म्हणून लिहितो. डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तुमच्या कॅपा आम्ही करतो. पेशंटला आम्ही कधी दिसत नाही आणि पेशंट आम्हाला दिसत नाही. दिसतं फक्त माप.

सिलिकॉनचं माप येतं, त्यात स्टोन प्लास्टर ओतायचं. घट्ट झालं की तुमच्या दाढेची प्रतिकृती हातात येते. ती करवतीनं सुटी करून घ्यायची, भिंगाखाली धरायची आणि घासलेला भाग कुठे संपतो ती रेषा लाल पेन्सिलीनं आखायची. कॅपची कड तिथं टेकणार. सगळा खेळ त्या रेषेचा आहे. माप चांगलं असेल तर रेषा गोल फिरून स्वच्छ दिसते. घेताना हिरडीतून रक्त आलं असेल, लाळ गेली असेल, तर रेषा दोन-तीन ठिकाणी विरघळल्यागत दिसते. मग आम्ही काय करतो? चांगली लॅब फोन करून सांगते, माप परत पाठवा. घाईतली लॅब अंदाजानं रेषा ओढते. अंदाजावर केलेली झिर्कोनियाची कॅप अठरा हजारांची असली तरी कडेला फट राहणार ती राहणारच. त्या फटीत कीड लागणार.

तेव्हा वॉरंटी बघण्यापेक्षा तुमचे डॉक्टर माप कसं घेतात ते बघा. हिरडीच्या फटीत दोरा घालून, रक्त थांबवून, वेळ देऊन घेतात का? की पाच मिनिटांत ट्रे तोंडात आणि बाहेर? स्कॅनर असला तरी हेच. जी रेषा कॅमेऱ्याला दिसली नाही ती कॉम्प्युटरला कुठून दिसणार?

पेठी पुणेकर

लॅबवाले, फार उपयुक्त प्रतिसाद. वॉरंटीबद्दल तुमच्या बाजूचं सांगा ना. ती कोण देतं, डॉक्टर की कंपनी?

मिरजेचा लॅबवाला

झिर्कोनिया आमच्याकडं गोल चकतीच्या रूपात येतो, खडूगत मऊ. कॉम्प्युटरवर कॅपचं डिझाइन करायचं, मशीन ती चकतीतून कोरून काढतं. कोरताना कॅप मुद्दाम मोठी ठेवतात, कारण नंतर भट्टीत १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की ती साधारण पाचव्या हिश्श्यानं आटते आणि मापाला येते. भट्टीतून निघालेली कॅप हातोडीनं फोडायची म्हटलं तरी घाम फुटतो.

वॉरंटी असते ती या मालाची. कार्डावर नंबर असतो, तुमचं नाव असतं. कॅप तडकली तर नवीन कॅप मिळते. पण खालचा दात किडला, मूळ चिरलं, हिरडी सुजली, तर त्यात माल दोषी नाही. आणि माझ्या टेबलावर परत येणाऱ्या केसेसमध्ये कॅप फुटलेली क्वचित. खालचा दात गेलेला, हे जास्त.

दातकोरणं

लॅबवाले दादांना अनुमोदन. पेशंट नेहमी विचारतात, 'मॅडम, कॅप किती वर्षं टिकेल?' मी उलट विचारते, कॅपच्या आत काय आहे ते बघायचंय का? आणि आरसा हातात देते.

नाशिककर, तुम्हीही डॉक्टरांना हेच विचारा: सगळी कीड आणि जुनी चांदी काढल्यावर हिरडीच्या वर माझा स्वतःचा दात किती उरलाय? कॅपच्या कडेच्या वर गोल फिरून निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीचा धड दात असावा, त्याला कॅपची पकड बसते. तेवढा नसेल तर फिलिंगचं मटेरियल भरून खुंट उभारता येतो, पण कॅप मग त्या मटेरियलवर बसते. दोन-तीन वर्षांत खुंटासकट कॅप हातात घेऊन पेशंट येतो.

भिंत हिरडीखाली तुटली असेल तर हिरडी, आणि गरज पडली तर थोडं हाड, खाली घेण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. ती ऐकून लोक घाबरतात आणि 'नको, त्यापेक्षा भारीतली कॅप घाला' म्हणतात. उलटं आहे. पैसे मर्यादित असतील तर आधी तिथे खर्च करा आणि कॅप मधली घ्या.

आता प्रकार. मागच्या दाढेला सगळी धातूची कॅप आजही उत्तम. दात कमी घासावा लागतो, वरून साधारण एक मिलिमीटर पुरतो. सिरॅमिक असेल तर दीड ते दोन लागतात. धातूवर सिरॅमिक ही जुनी, भरवशाची. त्यात सिरॅमिकचा टवका उडू शकतो आणि वय वाढून हिरडी खाली सरकली की कडेला करडी रेघ दिसते. अखंड झिर्कोनिया मजबूत, दिसायला बरी, टवके जवळजवळ नाहीत. फक्त चावा जुळवताना वरून घासली तर पुन्हा नीट गुळगुळीत पॉलिश केलीच पाहिजे, नाहीतर खरखरीत झिर्कोनिया समोरचा दात कानशीसारखा झिजवतो. हसताना दिसणाऱ्या दातांना लिथियम डायसिलिकेटची, काचेच्या जातीतली कॅप सुंदर दिसते. तुमच्या दाढेला तिची गरज नाही.

वऱ्हाडी भाऊ, बाबांना सुपारी फोडायला अडकित्ता द्या.

वऱ्हाडी ठेचा

अडकित्ता आहे ना घरात. त्यांले मजा दातानं येते.

शमा_सोलापूर

धातूच्या कॅपबद्दल एक. मला खोट्या दागिन्यांची ॲलर्जी आहे, कानातलं घातलं की पाळी चिघळते. डॉक्टरांना सहज बोलता बोलता सांगितलं तर त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, स्वस्तातल्या कॅपच्या धातूत निकेल असतं, तुम्हाला ती नको. मग कोबाल्ट-क्रोमवाली की झिर्कोनिया असं विचारून झिर्कोनिया घातली. ज्यांना अशी खाज येते त्यांनी न विचारताच डॉक्टरांना सांगावं.

दातकोरणं

शमाताई, बरोबर. हे केसपेपरवर आम्हीच विचारायला हवं, पण बरेचदा राहून जातं.

न्यूजर्सीकर

इकडे एका क्राऊनला, म्हणजे आपल्या कॅपला, हजार ते दोन हजार डॉलर सांगतात. बऱ्याच प्लॅनमध्ये क्राऊन 'मेजर' कामात जातो, म्हणजे विमा निम्मे देणार, त्यातही वर्षाची मर्यादा हजार-दीड हजार डॉलरची. एक रूट कॅनॉल आणि एक क्राऊन झाला की वर्षाचा कोटा संपला. इथले सगळे देशी 'डिसेंबरात जाऊ तेव्हा करून घेऊ' म्हणत दाताला सांभाळून बसलेले असतात. मीही त्यातलाच. तीन आठवडे पुण्यात आहे. जमेल का?

टेम्सकाठी

इंग्लंडात सरकारी दंतवैद्य मिळाला तर क्राऊन बँड ३ मध्ये, म्हणजे सरकारी दरांच्या वरच्या टप्प्यात येतो. तीनशे पौंडांच्या वर, पण त्यात त्या उपचारातलं रूट कॅनॉल, फिलिंग सगळं धरून. अडचण पैशांची नाही, नवीन पेशंट घेणारा दवाखाना सापडण्याची आहे. आमच्या गावात फोन केले की गोड आवाजात नकार मिळतो.

दातकोरणं

न्यूजर्सीकर, तीन आठवड्यांत जमतं, पण उतरल्या उतरल्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटी असे पेशंट येतात: लग्नं, देवदर्शन, खरेदी सगळं आटपून, परतीच्या विमानाला चार दिवस उरलेले. रूट कॅनॉल राहिलं असेल तर ते, मग खुंट, मग माप, लॅबचे काही दिवस, मग बसवणं. बसवल्यावर आठवडाभर चावून बघायला हवं. उंच लागली तर घासायला मी इथे आणि तुम्ही तिथे. तिथला डॉक्टर दुसऱ्याच्या कामाला हात लावायचे वेगळे पैसे घेणार. काही दवाखान्यांत स्कॅनर आणि कोरायचं यंत्र दोन्ही असतं, तिथे एका दिवसात कॅप मिळते. पण चावा जुळण्याचा काळ ते यंत्र कमी करू शकत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडच्या बहुतेक आरोग्यविम्यात दाताचं काम अपघाताशिवाय धरत नाहीत. फुटाण्यांना अपघात म्हणत नाहीत. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे जरूर जावं. फेऱ्या जास्त होतात, रांग असते, काम विद्यार्थी करतात. पण प्रत्येक टप्प्यावर सर येऊन तपासतात, आणि सरांच्या समोर माप तीनदा परत घ्यायला लागतं. मी शिकताना घेतलंय.

दोन पिल्लांची आई

थोडं अवांतर. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या दुधाच्या दाढेवर स्टीलची कॅप घालायला सांगितलीय. पडणारच आहे ना ती दाढ? सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराच्या तोंडात स्टील कशाला.

दातकोरणं

पडणार आहे, पण मागची दुधाची दाढ दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. तोवर तिने खायचंही आहे आणि खालून येणाऱ्या दाताची जागाही राखायची आहे. लवकर काढली तर मागची दाढ पुढे सरकते आणि पुढे दात वेडेवाकडे येतात, मग तारा. स्टीलच्या कॅपा वेगवेगळ्या मापांत तयार येतात, लॅब लागत नाही. स्कॉटलंडमधल्या एका दंतवैद्य बाईंनी तर न घासता, इंजेक्शनही न देता नुसती कॅप दाबून बसवायची पद्धत रूढ केली. ठराविक केसमध्ये ती छान चालते. दात पडेल तेव्हा कॅपसकट पडेल. सासूबाईंना सांगा, 'आयर्न मॅनचा दात' म्हटलं की पोरं वर्गात दाखवत फिरतात.

मांडवीतीर

माझी कॅप निघाली! बसवून सहा-सात वर्षं झाली असतील. काल च्युइंगम खाताना आली बाहेर. आत पांढरं सिमेंट चिकटलेलं आहे, दाताचा खुंट दिसतोय, दुखत नाही. डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला. शेजारी म्हणतो फेव्हिक्विकचा एक थेंब लाव आणि बस. लावू का?

दातकोरणं

अजिबात लावू नका!! एकतर तो गोंद तोंडासाठी नाही, हिरडीला भाजल्यागत होतं. दुसरं, कॅप केसभर तिरकी चिकटली तरी चावा बिघडतो, आणि मग मला ती कापून काढावी लागते. म्हणजे पुन्हा घालता आली असती ती कॅप वाया.

कॅप धुऊन छोट्या डबीत ठेवा. कागदात गुंडाळून ठेवू नका, घरचे लोक टाकून देतात. आत खुंटाचा तुकडा अडकलाय का बघा. अडकला असेल तर दात मोडलाय, तसं डॉक्टरांना सांगा. खुंट मऊ ब्रशने साफ ठेवा, त्या बाजूने चावू नका. बाहेर जाताना अगदीच लाज वाटत असेल तर औषधाच्या दुकानात कवळी चिकटवायची क्रीम मिळते, ती आत लावून तात्पुरती बसवता येईल. पण जेवताना आणि झोपताना काढून ठेवा. गिळली तर बहुधा खालून निघून जाते. श्वासनलिकेत गेली तर मात्र जिवावर बेततं. आठवडाभराच्या वर लांबवू नका. खुंट उघडा राहिला की शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप मग बसत नाही.

मांडवीतीर

डबीत ठेवली. शेजाऱ्याला हा धागा दाखवला, तो आता माझ्याशी बोलत नाही.

निवांत नाशिककर

मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला. काम झालं.

डॉक्टरताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग कॅमेरा तोंडात घालून समोरच्या पडद्यावर दाखवलं. जुनी चांदी काढल्यावर तीन भिंती चांगल्या होत्या. जिभेकडची मात्र हिरडीच्या पातळीलाच तुटलेली. म्हणाले, इथे हिरडी खाली घ्यावी लागेल, मी सांगणारच होतो. (सांगणार होते की नाही देव जाणे.) ते करून घेतलं. टाके, दोन दिवस पातळ खिचडी आणि दही-भात, मग काही आठवडे थांबणं. त्यात खर्च गेला म्हणून झिर्कोनियाचा नाद सोडला आणि धातूवर सिरॅमिक घेतली. त्यातही चावण्याची बाजू आणि जिभेकडची बाजू धातूची, गालाकडून फक्त दातासारखी. म्हणजे दात कमी घासावा लागला.

घासतानाचं सांगतो, कारण त्याबद्दल कुणी लिहिलं नाही. नस काढलीय तर इंजेक्शन कशाला असं मी विचारलं. उत्तर मिळालं की हिरडीला नस आहे. मग आवाज, पाणी, आणि जळक्या शिंगाचा वास. घासून झाल्यावर हिरडीच्या फटीत बारीक काळा दोरा बोथट हत्याराने दाबत दाबत सगळीकडून फिरवला. दोऱ्याला लावलेलं औषध जिभेवर आलं, तुरट, तोंड आवळून टाकणारं. लॅबवाले दादांचं लक्षात होतं म्हणून माप झाल्यावर मी म्हटलं, रेषा बघू. डॉक्टर हसले, पण माप उलटं धरून दिव्याखाली दाखवलं. गुलाबी मापात बारीक कड गोल फिरलेली दिसली. एका ठिकाणी बुडबुडा होता. ते स्वतःच 'नको, परत घेऊ' म्हणाले.

तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप ज्याने चिकटवली त्याला लवंगेचा वास. घरभर लोक विचारत होते, मसाला कुणी कुटला.

पक्की बसवली तेव्हा निळा कागद दाताखाली धरून कटकट चावायला लावलं. निळा ठिपका उमटेल तिथे घासायचं, पुन्हा कागद. तिथे सगळं ठीक वाटलं, कारण गाल बधिर. घरी आल्यावर रात्री लक्षात आलं की तोंड मिटताना सगळ्यात आधी तीच दाढ टेकते. दुसऱ्या दिवशी परत गेलो, एका ठिपक्यावर थोडं घासलं, संपलं. आता जिभेला धातू लागतो तेवढाच काय तो फरक.

डॉक्टरताई, आता फ्लॉस वापरायचा की कॅप निघेल?

पेठी पुणेकर

अपडेट देणारा धागाकर्ता! जतन करून ठेवावा असा नमुना.

दातकोरणं

नाशिककर, छान झालं. धातूच्या चावण्याच्या बाजूचा पर्याय आजकाल कुणी घेत नाही, डॉक्टरही सुचवत नाहीत. मला तो आवडतो.

फ्लॉस रोज. फ्लॉसने निघाली तर ती कॅप निघायलाच हवी होती. कीड लागते ती कडेला, हिरडीलगत. कॅप स्वतः किडत नाही म्हणून लोक तिथे ब्रश फिरवायचं सोडतात. दोन दातांच्या मधे जागा असेल तर फ्लॉसपेक्षा छोटा गोल ब्रश बरा. मिश्री लावत असाल तर बंद करा. आणि रात्री दात खाण्याची सवय असेल, सकाळी जबडा आंबल्यागत वाटत असेल, तर रात्री घालायचं गार्ड करून घ्या. वर्षातून एकदा त्या दाढेचा एक्स-रे. कॅपच्या आतलं त्यात दिसत नाही, पण कडेचं आणि मुळाच्या टोकाचं दिसतं.

शमा_सोलापूर

एक शंका. आईला एमआरआय सांगितलाय मानेचा, तिला दोन धातूच्या कॅपा आहेत. काढाव्या लागतील का? मशीनवाला मुलगा फोनवर 'अंगावरचा सगळा धातू काढा' म्हणाला आणि ती घाबरून बसलीय.

दातकोरणं

नाही, काढायच्या नाहीत. चिकटवलेल्या कॅपा तशाच ठेवून एमआरआय करतात. धातूमुळे जबड्याच्या आसपास चित्रात काळे डाग येऊ शकतात, मानेच्या वरच्या भागावर थोडा परिणाम होईल एवढंच. फॉर्मवर दोन धातूच्या कॅपा आहेत असं लिहा आणि तंत्रज्ञांना तोंडीही सांगा. काढायची ती कवळी, असेल तर. सोबत डबी न्या.